‘एरर: सक्सेस’ आणि ‘अननोन एरर ११२३४५६८०’: गेटवेच्या लॉगमधील चुकीच्या संदेशांचे निवारण

वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींत, जालन्याच्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत आणि गावोगावच्या पाणीपुरवठा योजनांच्या पंपघरांत आता पॅनेलच्या आत एक लहानसा लिनक्स गेटवे बसवलेला सर्रास दिसतो. आरएस-४८५ च्या दोन तारांवरून तो ऊर्जामीटर, पातळीमापक आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे यंत्र) यांच्याशी मॉडबस या संदेशपद्धतीने बोलतो आणि मिळालेली रीडिंग मोबाइलच्या सिमवरून सर्व्हरला पाठवतो. त्यातील प्रोग्राम बहुधा सी भाषेत लिहिलेला असतो. रीडिंग बंद पडल्यावर त्याचा लॉग उघडला की पुढीलपैकी एखादी ओळ हमखास समोर येते: ‘मीटर ७ रीड फेल्ड: सक्सेस’, ‘रीड फेल्ड: अननोन एरर ११२३४५६८०’, ‘रीड फेल्ड: ऑपरेशन नॉट परमिटेड’, किंवा फाइलचा दूरान्वयानेही संबंध नसताना ‘सर्व्हर कनेक्ट फेल्ड: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’.

साइटवरच्या इलेक्ट्रिशियनचा फोन येतो तो असा: ‘साहेब, एररमध्ये सक्सेस दाखवायलंय, मग रीडिंग का येईना?’ त्याचा प्रश्न रास्त आहे. मूळ बिघाड एखाद्या सैल स्क्रूइतका साधा असू शकतो, पण संदेशच चुकीचा असल्यामुळे तपास भलत्याच दिशेने सुरू होतो. मीटर बदलला जातो, गेटवे बदलला जातो, सिमकार्ड बदलले जाते आणि दोन दिवसांनी तीच ओळ पुन्हा उमटते. म्हणून या लेखात मीटरच्या बिघाडाचा नव्हे, तर आकड्याचा संदेश होताना वाटेत जे बिघडते त्याचा शोध घेतला आहे.

मुळात एरर कोड हा नुसता आकडा असतो आणि त्याचा अर्थ तो कोणत्या यादीतला आहे यावर ठरतो. गाडीचा ४१२७ हा क्रमांक सांगितल्याने गाडी सापडत नाही. त्याच्या आधी एमएच-२१ आहे की एमएच-२४, म्हणजे गाडी जालन्याची आहे की लातूरची, हे कळावे लागते. गेटवेवरच्या एका लहानशा प्रोग्राममध्येही अशा किमान चार याद्या एकत्र नांदत असतात: सी लायब्ररीचा एरनो (शेवटच्या अपयशाचा क्रमांक जेथे ठेवला जातो ते मूल्य), मॉडबस लायब्ररीचे स्वतःचे कोड, होस्टचे नाव शोधणाऱ्या फंक्शनचे कोड आणि प्रोग्रामरने स्वतः ठरवलेले कोड. आकडा एका यादीतला आणि त्याचा मजकूर दुसऱ्या यादीतून काढलेला, असे झाले की वरच्या चारपैकी एखादी ओळ तयार होते. प्रत्येक ओळीचे कारण मात्र वेगळे असल्यामुळे ती स्वतंत्रपणे पाहावी लागतात.

‘सक्सेस’ कोठून येते

लिनक्सवरील जीलिबसी या सी लायब्ररीत कोडचा मजकूर देणाऱ्या स्ट्रएरर या फंक्शनला शून्य दिले की ते ‘सक्सेस’ हा मजकूर परत देते. म्हणजे ‘फेल्ड: सक्सेस’ ही ओळ दिसली की एक गोष्ट निश्चित झाली: संदेश छापण्याच्या क्षणी एरनोमध्ये शून्य होते. याची नेहमीची कारणे दोन.

पहिले कारण असे की, जे फंक्शन अयशस्वी झाले ते एरनोला हातच लावत नाही. थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामे) हाताळणारी पीथ्रेड_क्रिएट, पीथ्रेड_म्युटेक्स_लॉक आणि त्यांची भावंडे एरर क्रमांक थेट परतीच्या मूल्यात देतात. त्यांच्यानंतर एरनोचा मजकूर छापणारे पीएरर लिहिणे म्हणजे ज्या डब्यात काही टाकलेलेच नाही तो डबा उघडून पाहणे होय. येथे परत आलेले मूल्यच स्ट्रएररला द्यावे. दुसरे कारण प्रोग्रामच्या स्वतःच्या तपासणीत असते. मीटरकडून दहा रजिस्टरे (मूल्यांचे क्रमांकित कप्पे) मागितली आणि आठच आली, तर प्रोग्रामच्या लेखी ते अपयश आहे, पण ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी कोणतीही चूक घडलेली नाही. अशा ठिकाणी एरनो छापणेच चुकीचे असून ‘दहा मागितली, आठ आली’ असे सरळ लिहिले पाहिजे.

याच्या उलटचा प्रकार अधिक फसवा असतो, कारण तेथे संदेश पटण्यासारखा असतो. एरनो हे मूल्य प्रत्येक थ्रेडसाठी वेगळे असते, त्यामुळे दुसरा थ्रेड ते बिघडवत नाही. परंतु त्याच थ्रेडमध्ये मधे झालेले कोणतेही फंक्शन ते बदलू शकते. फंक्शन यशस्वी झाले म्हणून एरनो पूर्वीसारखाच राहील किंवा शून्य होईल, अशी हमी सी भाषेचे मानक देत नाही. अपयश आणि संदेश यांच्या मधे पोर्ट बंद करणे, मेमरी मोकळी करणे, वेळ छापणे अशी चार कामे उरकलेली असतात, आणि त्यांपैकी एखाद्याने मागे ठेवलेला कोड मूळ कारण म्हणून छापला जातो. जीलिबसीच्या २.३३ या आवृत्तीपूर्वी तर मेमरी मोकळी करणारे फ्री हे फंक्शनसुद्धा एरनो बदलू शकत असे. त्या आवृत्तीपासून ते एरनो जसाच्या तसा राखते. कारखान्यांतील गेटवेवर जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षे चालू असतात, म्हणून या सुधारणेवर विसंबून राहू नये. उपाय एका ओळीचा आहे: फंक्शन अयशस्वी ठरल्याचे कळताच, इतर काहीही करण्याआधी, एरनो स्थानिक व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवावा आणि पुढे सर्वत्र तेच व्हेरिएबल वापरावे.

‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आणि परवानग्यांचा व्यर्थ शोध

या ओळीमुळे वाया जाणारा वेळ मला सर्वांत अधिक खटकतो. ती वाचून माणूस साहजिकच सिरियल पोर्टच्या परवानग्या तपासतो, वापरकर्त्याला पोर्ट वापरू देणाऱ्या डायलआउट गटात घालतो, शेवटी संपूर्ण प्रोग्राम रूट, म्हणजे सर्वाधिकारी, म्हणून चालवतो, आणि तरीही ओळ जात नाही. सुरक्षेची एक भिंत मात्र कायमची पडून राहते.

कारण पुढीलप्रमाणे आहे. लिनक्स कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, पद्धत अशी की फंक्शन अयशस्वी झाले तर ते एरनोचे ऋण मूल्य परत देते. वेळ संपली तर उणे ११०, मेमरी नसेल तर उणे १२. ही पद्धत अनेक प्रोग्रामर आपल्या कोडमध्येही आणतात आणि वरच्या पातळीवर चिन्ह पालटून स्ट्रएररला देतात. पद्धत चांगली आहे. पण त्याच प्रोग्रामच्या खोलवरच्या एखाद्या फंक्शनमध्ये कोणीतरी ‘चूक झाली’ एवढ्याच अर्थाने उणे एक परत दिलेले असते. चिन्ह पालटल्यावर त्याचा एक होतो, आणि एरनोच्या यादीत एक म्हणजे ईपर्म, म्हणजेच ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. परवानगीचा प्रश्न कोठेच नव्हता. कोणीतरी आळसाने लिहिलेला उणे एक वाटेत भलत्या यादीत जाऊन पडला.

याची खात्री प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातील देवाणघेवाण दाखवणाऱ्या एसट्रेस या साधनाने करता येते. प्रोग्राम एसट्रेसखाली चालवला आणि कर्नलने एकदाही ईपर्म परत दिलेला दिसला नाही, तर तो एक प्रोग्रामच्या आतच जन्मलेला आहे असे समजावे. मग ‘रिटर्न उणे एक’ अशा सर्व ओळी शोधून प्रत्येक ठिकाणी खरे कारण सांगणारे मूल्य द्यावे: पॅकेट अपुरे असेल तर उणे ईबॅडएमएसजी, फंक्शनला दिलेले मूल्य चुकीचे असेल तर उणे ईइनव्हॅल. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकदा केले की पुन्हा करावे लागत नाही.

स्ट्रएररला चुकून थेट उणे एकच दिले गेले तर ‘अननोन एरर -१’ असे छापले जाते. तेथे निदान इतके तरी कळते की एरनोऐवजी फंक्शनचे परतीचे मूल्य दिले गेले आहे.

‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, पण फाइल कोणती?

सर्व्हरचे नाव आयपी पत्त्यात बदलणारे गेटअ‍ॅड्रइन्फो हे फंक्शन स्वतःची वेगळी यादी वापरते. लिनक्सवर त्यातील उणे दोन म्हणजे असे नाव अस्तित्वात नाही आणि उणे तीन म्हणजे नाव शोधण्यात तात्पुरते अपयश आले. दोन्ही ऋण असल्यामुळे ती कर्नलच्या पद्धतीची वाटतात, आणि चिन्ह पालटण्याचा तोच संस्कार येथेही होतो. एरनोच्या यादीत दोन म्हणजे फाइल नाही, आणि तीन म्हणजे ‘नो सच प्रोसेस’. सिमला रेंज नाही, म्हणून नावाचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएसचे उत्तर आले नाही, आणि लॉग सांगतो की प्रोसेस सापडत नाही! या कोडसाठी जीएआय_स्ट्रएरर हे स्वतंत्र फंक्शन आहे आणि तेच वापरले पाहिजे. त्यातही उणे ११, म्हणजे ईएआय_सिस्टिम, आला तर खरे कारण एरनोमध्ये असते. म्हणून तेवढ्या एका प्रसंगी एरनोकडे वळावे.

११२३४५६८० हा आकडा

हा आकडा पाहून मेमरी बिघडल्याचा संशय येतो, पण तो पूर्णपणे नियमानुसार आलेला आकडा आहे. मॉडबससाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या लिबमॉडबस या मुक्त लायब्ररीने आपले कोड एरनोच्या आकड्यांवर आदळू नयेत म्हणून ११२३४५६७८ हा पाया निवडलेला आहे. मागणी नाकारताना मीटरने दिलेला मॉडबस एक्सेप्शन क्रमांक त्यात मिळवला जातो आणि बेरीज एरनोमध्ये ठेवली जाते. म्हणून ११२३४५६७९ म्हणजे एक्सेप्शन एक, मीटरला ते फंक्शनच ठाऊक नाही. ११२३४५६८० म्हणजे एक्सेप्शन दोन, मागितलेला रजिस्टर पत्ता मीटरमध्ये नाही. ११२३४५६८१ म्हणजे एक्सेप्शन तीन, दिलेले मूल्य चालत नाही. ११२३४५६९० हा मीटरने पाठवलेला कोड नाही. आलेल्या पॅकेटचा सीआरसी (माहिती बिनचूक आली का ते तपासणारा आकडा) जुळला नाही, असे लायब्ररीच त्यातून सांगते. जीलिबसीच्या स्ट्रएररला हे आकडे माहीत असण्याचे कारणच नाही, म्हणून ते ‘अननोन एरर’ म्हणते. लायब्ररीसोबत येणारे मॉडबस_स्ट्रएरर हे फंक्शन स्वतःचे कोड ओळखते आणि न ओळखलेला कोड पुढे स्ट्रएररकडे सोपवते, त्यामुळे मॉडबसच्या प्रत्येक अपयशानंतर डोळे झाकून तेच वापरावे.

मजकूर नीट आला तरी येथे थांबता कामा नये, कारण ‘इल्लीगल डेटा अ‍ॅड्रेस’ एवढे वाचून जागेवरच्या माणसाला काही करता येत नाही. कोणता पत्ता? मीटरच्या पुस्तिकेत ४०००१ लिहिलेले असते, तर तारेवरून जाणाऱ्या पॅकेटमध्ये त्याच होल्डिंग रजिस्टरचा पत्ता शून्य असतो. काही पुस्तिका एकपासून मोजतात, काही शून्यापासून. एकाचा फरक पडला की शेवटचे रजिस्टर मीटरच्या हद्दीबाहेर जाते आणि एक्सेप्शन दोन येते. आणि हद्दीत राहिले तर त्याहून वाईट, कारण मग एररच येत नाही आणि व्होल्टेजच्या जागी शेजारचे मूल्य नोंदवले जाते. म्हणून ओळ अशी असावी: ‘मीटर ७, फंक्शन ३, पत्ता ० पासून १० रजिस्टरे, पोर्ट टीटीवायएस१, ९६०० बॉड: इल्लीगल डेटा अ‍ॅड्रेस, कोड ११२३४५६८०’. ही ओळ वाळूजमध्ये बसलेल्या माणसाने फोनवर ऐकली तरी त्याला पुस्तिका उघडून दोन मिनिटांत चूक सापडते.

मॉडबसच्याच बाबतीत आणखी एक संदेश खरा असूनही दिशाभूल करतो. मीटरने वेळेत उत्तर दिले नाही तर लिबमॉडबस एरनोमध्ये ईटाइम्डआउट ठेवते, आणि जीलिबसीत त्याचा मजकूर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा आहे. कनेक्शन हा शब्द वाचून माणूस नेटवर्क केबल आणि सिमकडे धावतो, आणि बिघाड असतो दोन तारांच्या आरएस-४८५ मध्ये. सीआरसीची चूक आणि वेळ संपणे यांतील फरक तर जपून ठेवलाच पाहिजे. वेळ संपते तेव्हा मीटरचा पुरवठा, ए आणि बी तारांची अदलाबदल, मीटरचा आयडी आणि बॉड रेट पाहावा. सीआरसी जुळत नाही याचा अर्थ तारेवरून काहीतरी येत आहे, पण विस्कटून येत आहे. तेव्हा टोकाचा १२० ओहमचा रोध, शील्डचे अर्थिंग, एकाच आयडीचे दोन मीटर आणि भट्टीच्या केबलशेजारून नेलेली सिग्नलची तार यांकडे लक्ष द्यावे. जालन्यात इंडक्शन भट्टीच्या कारखान्यात हे शेवटचे कारण सर्वप्रथम तपासण्याजोगे असते. दोन्ही चुका ‘मीटर रीड एरर’ या एकाच संदेशात कोंबणारे सॉफ्टवेअर ही अमूल्य माहिती स्वतःच्या हाताने फेकून देते.

गेटवेवर एक अर्थ, सर्व्हरवर दुसरा

मोबाइल डेटाचा खर्च वाचवण्यासाठी गेटवेवरून केवळ आकडा पाठवायचा आणि त्याचा मजकूर सर्व्हरवर तयार करायचा, अशी रचना पुष्कळ ठिकाणी असते. तर्क चुकीचा नाही, पण एरनोचे आकडे सर्व प्रोसेसरांवर सारखे नसतात. स्वस्त राउटर आणि गेटवे यांत आढळणाऱ्या एमआयपीएस प्रोसेसरवर लिनक्सने वेगळी क्रमवारी ठेवलेली आहे. तेथे ईटाइम्डआउट हा १४५ आहे, तर इंटेल आणि एआरएमवर ११०. सर्व्हरवर १४५ पोहोचला की ‘अननोन एरर १४५’ छापले जाते, आणि हा त्यातल्या त्यात बरा प्रकार, कारण निदान शंका तरी येते. पोर्ट आधीच वापरात असल्याचा एमआयपीएसवरचा कोड १२५ आहे; इंटेलच्या सर्व्हरवर १२५ म्हणजे ‘ऑपरेशन कॅन्सल्ड’. पलीकडच्याने कनेक्शन तोडल्याचा कोड एमआयपीएसवर १३१; सर्व्हरवर त्याचे वाचन होते ‘स्टेट नॉट रिकव्हरेबल’. मोबाइल नेटवर्कवर दिवसातून अनेकदा सहज घडणारी गोष्ट अशा रीतीने डॅशबोर्डवर महासंकट म्हणून उभी राहते.

मजकूर पाठवला तरी तो सर्वत्र एक असेल असे नाही. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्सवर चालणाऱ्या गेटवेवर बहुधा मसल ही सी लायब्ररी असते. जीलिबसी जेथे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणते तेथे मसल ‘ऑपरेशन टाइम्ड आउट’ म्हणते, आणि अनोळखी कोडसाठी ‘नो एरर इन्फर्मेशन’ एवढेच देते, आकडासुद्धा देत नाही. शिवाय स्ट्रएररचा मजकूर लोकेलनुसार, म्हणजे निवडलेल्या भाषेनुसार, बदलू शकतो. त्यामुळे लॉगमधील वाक्य शोधून त्यावर अलार्म बसवणे धोक्याचे आहे. सर्व्हरकडे पाठवावे ते कोडचे नाव, म्हणजे ‘ईटाइम्डआउट’ हीच अक्षरे. ती प्रोसेसर, लायब्ररी आणि भाषा बदलली तरी तीच राहतात. जीलिबसी २.३२ मध्ये, म्हणजे २०२० साली, आकड्यावरून नाव देणारे स्ट्रएररनेम_एनपी हे फंक्शन आले. इतरत्र त्याच्या जागी लहानसा तक्ता स्वतः लिहावा. गेटवेला प्रत्यक्षात भेटणारे कोड मोजकेच असतात.

मजकुराच्या जागी कचरा किंवा रिकामी जागा

एकाहून अधिक थ्रेड असले की स्ट्रएररऐवजी स्ट्रएरर_आर वापरावे, असा सल्ला सर्वत्र मिळतो. जीलिबसीच्या २.३२ पूर्वीच्या आवृत्त्यांत स्ट्रएरर थ्रेडसाठी सुरक्षित नव्हते, हे खरेच आहे. अडचण अशी की स्ट्रएरर_आर एकाच नावाने दोन वेगळ्या रूपांत आढळते. पॉझिक्स या मानकाचे रूप पूर्णांक परत देते आणि मजकूर आपण दिलेल्या बफरमध्ये, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेत, भरते. ग्नूचे, म्हणजे जीलिबसीचे स्वतःचे, रूप मजकुराचा पॉइंटर (मेमरीतील पत्ता) परत देते आणि बफरला हात लावेलच असे नाही. ग्नू_सोर्स हा मॅक्रो असेल तर जीलिबसीत ग्नूचे रूप मिळते, आणि जी++ कंपायलर तो मॅक्रो स्वतःहून लावतो. याचा परिणाम असा की सीमध्ये नीट चाललेला कोड सी++ मध्ये नेला की बफर न भरताच छापला जातो आणि लॉगमध्ये कचरा अक्षरे किंवा पूर्ण रिक्तता दिसते. मसलमध्ये केवळ पॉझिक्सचे रूप आहे. यावर उपाय म्हणजे हे फंक्शन संपूर्ण प्रोग्राममध्ये एकाच लहान आवरण-फंक्शनातून बोलवावे, बफर आधी रिकाम्या मजकुराने सुरू करावा आणि कोणते रूप मिळाले आहे ते कंपाइल होतानाच निश्चित करावे. या जागी कंपायलरने दिलेला इशारा कधीही दाबून टाकू नये.

कर्नलचा लॉग

यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर वापरला असेल तर कारण कित्येकदा कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेग या आदेशात दिसते: ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१’ किंवा ‘-११०’. उणे ७१ म्हणजे ईप्रोटो. कन्व्हर्टर बोलतो आहे पण यूएसबीच्या पातळीवरच बोलणे विस्कटते आहे. अशा वेळी कन्व्हर्टरची केबल, यूएसबी हब आणि अपुरा वीजपुरवठा यांवर संशय घ्यावा. मीटरपर्यंत जाण्याची गरजच नसते. ‘अननोन एरर ५२४’ दिसला तर तो कर्नलच्या आतला ईनॉटसप हा कोड आहे. तो वापरकर्त्याच्या प्रोग्रामपर्यंत यायला नको होता, पण काही ड्रायव्हरांतून तो बाहेर निसटतो. अर्थ इतकाच की मागितलेली सुविधा त्या ड्रायव्हरमध्ये नाही. स्वतः ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी कर्नल ५.५ पासून कर्नलमधून संदेश छापणाऱ्या प्रिंटके मध्ये टक्का-पीई हे चिन्ह उपलब्ध आहे; कर्नलच्या बांधणीत तशी सोय चालू ठेवली असेल तर ते आकड्याऐवजी थेट कोडचे नाव छापते.

आकडा पाहताक्षणी कोणती यादी आहे हे ओळखण्याच्या काही खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. प्रोग्राम बंद पडून शेल १३७ दाखवत असेल तर तो एरनो नाही. १२८ अधिक ९, म्हणजे कोणीतरी, पुष्कळदा मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच, तो मारला. एक्झिटला उणे ११० दिले तर शेलला १४६ दिसतो, कारण तेथे आठच बिटे पोहोचतात. उणे १०७३७४१८१९ हा लांबलचक आकडा विंडोजच्या पीसीवरून आलेला असतो. तो सोळाच्या पायावर लिहिला की मेमरीच्या अवैध वापराचा प्रसिद्ध कोड दिसतो. उणे २१४७०२४८९१ हाही विंडोजचाच, पण वेगळ्या यादीतला. त्याच्या शेवटच्या सोळा बिटांत पाच, म्हणजे प्रवेश नाकारला, हा साधा कोड दडलेला आहे.

कायमची दुरुस्ती

वरील सर्व प्रकारांवर एकेक ठिगळ लावता येते, पण समस्या पुन्हा उद्भवू नये असे वाटत असेल तर रचनाच थोडी बदलावी लागते. प्रोग्राममधून नुसता पूर्णांक वर पाठवणे थांबवून एक लहान स्ट्रक्चर पाठवावे. त्यात कोड कोणत्या यादीतला आहे, मूळ आकडा, कोणती कृती चालू होती आणि कोणत्या वस्तूवर, म्हणजे मीटरचा आयडी, पत्ता, पोर्ट, हे चार रकाने असावेत. हे चारही रकाने जेथे अपयश घडले तेथेच भरावेत, कारण वरच्या पातळीवर पोहोचेपर्यंत शेवटचे दोन हरवलेले असतात. मजकूर तयार करणारे फंक्शन एकच असावे. ते यादी पाहून स्ट्रएरर, मॉडबस_स्ट्रएरर किंवा जीएआय_स्ट्रएरर यांपैकी योग्य त्याला बोलावते. इतर कोणत्याही फाइलमध्ये स्ट्रएरर दिसले तर कोड तपासणाऱ्याने ते परत पाठवावे.

प्रोग्रामरने स्वतः ठरवलेल्या कोडसाठी मजकुराचा तक्ता लागतो, आणि तेथे एक जुने दुखणे आहे. ईनम (कोडच्या नावांची यादी) एका फाइलमध्ये आणि मजकुराचा अ‍ॅरे (क्रमवार तक्ता) दुसऱ्या फाइलमध्ये असतो. कोणीतरी ईनमच्या मध्यावर नवा कोड घालतो आणि त्यापुढचे सगळे मजकूर एका घराने सरकतात. पाण्याची टाकी भरलेली असताना ‘पंप ओव्हरलोड’ दिसू लागते. यासाठी कोड आणि मजकूर एकाच यादीत लिहून, कंपाइल होण्याआधी कोड उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरकडून तीच यादी दोनदा उलगडून घ्यावी. प्रोग्रामर याला एक्स-मॅक्रो म्हणतात. नवा कोड नेहमी शेवटी जोडावा आणि काढलेल्या कोडचा आकडा पुन्हा वापरू नये, कारण जुन्या लॉगांत तो पूर्वीच्या अर्थाने नोंदलेला असतो. मायक्रोकंट्रोलरवर फ्लॅश मेमरी अपुरी असेल तर मजकूर वगळून नाव किंवा आकडा ठेवावा. ईएसपी३२ च्या अधिकृत विकास-संचात तर कोडचे नाव देणारे ईएसपी_एरर_टू_नेम हे फंक्शन तयारच मिळते.

पॅनेलच्या पडद्यावरचा मजकूर हा लॉगहून वेगळा असावा, यावर मी ठाम आहे. लॉग प्रोग्रामरसाठी आहे. त्यात कोडचे इंग्रजी नाव आणि आकडा हवाच. पडदा मात्र पंपघरातल्या ऑपरेटरसाठी असतो, आणि मध्यरात्री लाइट आल्यावर पंप चालू करायला आलेल्या माणसाला तो त्याच्या भाषेत काय करायचे ते सांगू शकला पाहिजे: ‘मीटर ७ कडून उत्तर नाही. मीटरचा डिस्प्ले चालू आहे का पाहा. चालू असेल तर ए-बी तारांचे स्क्रू घट्ट करा.’ त्याखाली बारीक अक्षरांत कोड द्यावा, म्हणजे त्याला तो फोनवर वाचून दाखवता येईल. ज्या कोडसाठी असे सांगण्याजोगे निश्चित काही नसेल तेथे अंदाजाने उपाय लिहू नये. ‘कोड अमुक, कार्यालयाला कळवा’ एवढे प्रामाणिक वाक्य पुरेसे आहे.

दुरुस्तीनंतरची चाचणी टेबलावरच करावी. मीटरची एक तार काढली असता ईटाइम्डआउट आणि मीटरचा आयडी दिसतो का, नसलेला रजिस्टर पत्ता मागितल्यावर तो पत्ता संदेशात येतो का, सर्व्हरचे नाव मुद्दाम चुकीचे लिहिल्यावर फाइलचा उल्लेख न होता होस्टच्या नावाचा होतो का, आणि गेटवेवरचा कोड सर्व्हरच्या डॅशबोर्डवर त्याच नावाने उमटतो का, हे प्रत्यक्ष पाहावे. शेवटी संदेश तयार करणाऱ्या फंक्शनला प्रत्येक यादीच्या नावाने ९९९ हा कोणत्याच यादीत नसलेला कोड द्यावा. बाहेर आलेल्या ओळीत ९९९ हा आकडा आणि त्या यादीचे नाव दोन्ही दिसत नसतील, तर ती आवृत्ती साइटवर पाठवू नये.